मार खाणाऱ्याचं काम

१९ जानेवारी, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि उत्तर आज देतोय, यावरून माझा आळस सुखरूप आहे हे ओळख. बाकी सांगायचं तर गुडघे कुरकुरतात, एक दात हलतोय, आणि खालच्याच मजल्यावरच्या लाँड्रीवाल्याने इस्त्रीचं नवीन यंत्र आणल्यापासून माझ्या खोलीची जमीन दिवसभर कोमट असते. थंडीत बरं वाटतं. उन्हाळ्यात काय होईल ते उन्हाळ्यात बघू.

तू म्हणशील, दादा सरळ फोन का करत नाही. अरे, फोनवर तू रडवेला होतोस, आणि समोरचा रडवेला झाला की मी कशालाही ‘बरं, बरं’ म्हणून मोकळा होतो. मग निस्तरत बसतो. ‘नाही’ हा शब्द मला कागदावर सोपा जातो, म्हणून हा खटाटोप.

मास्तरीणबाईंच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं हे वाचून सुटल्यासारखंही वाटलं आणि काळजीही वाटली. तुझ्या बायकोने शाळेत लोकांची पोरं सांभाळली आणि घरी येऊन आपला बाप सांभाळला. पाठ बिचारी किती दिवस गप्प बसणार? डॉक्टर तीन महिने वाकू नका म्हणाले म्हणजे वाकायचं नाही, तिला माझी शपथ घाल. बाबांना आंघोळ घालणं, बूट चढवणं, उठवून बसवणं आता तिच्याने व्हायचं नाही, आणि तू दुकान बंद ठेवून घरी बसलास तर खाणार काय? सगळं कळतं मला. फोटोला चौकट करून देणं हे किती वेळखाऊ काम आहे ते मला सांगायला नको. मीही त्याच दुकानात काचा पुसत मोठा झालोय.

पण बाबांना तीन महिने माझ्याकडे आणायचं म्हणतोस, ते जमणार नाही. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. खोली एक, मोरी एक, खाट एक. नवीन नाटकाच्या तालमी सुरू आहेत, प्रयोग लागले की आज या गावी, उद्या त्या गावी. म्हाताऱ्या माणसाला मी कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ? लाँड्रीवाल्याच्या? तो शर्ट हरवतो, बाप काय सांभाळणार!

नाटकाचं सांगतो. ऐकून हसशील. उभी हयात मी स्टेजवर मार खाल्ला. चोर, नोकर, घरजावई, खोटा साधू. जिथे म्हणून कोणाच्या तरी कानशिलात बसायची असेल तिथे ‘काकांना बोलवा’. आता म्हातारपणी मला बढती मिळाली आहे. या नाटकात मी मारणारा आहे. बाप झालोय. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलाच्या थोबाडीत द्यायची, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी त्याच मुलाने माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायचं, ‘बाबा, मी सगळं विसरलो.’ पडदा.

मुलाचं काम करणाऱ्या पोराला सगळे उंट म्हणतात. लांब मान, लांब पाय आणि स्वभावाने गरीब. पण थोबाडीतला त्याचा वेळ चुकायचा. तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. स्टेजवरच्या थपडेत हात गालाला लागतच नाही. गालाजवळून नुसता वारा जातो. मार खाणारा प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो, आणि त्याच क्षणी तो स्वतःच्या छातीशी टाळी वाजवतो आणि मान फिरवतो. मारणाऱ्याला काही यावं लागत नाही. हात फिरवला की त्याचं संपलं. आवाज, कळ, तोल जाणं, सगळं काम मार खाणाऱ्याचं. उंट टाळी उशिरा वाजवायचा, म्हणजे आधी पडायचा आणि मग त्याला मार बसायचा. आठवडाभर मी त्याच्यामागे लागलो. म्हटलं, हात कुठे आहे ते बघत बसू नकोस. खांदा बघ. हात उठायच्या आधी खांदा उठतो. खांदा हलला की तुझं काम सुरू.

आमचा दिग्दर्शक शिकून आलेला पोरगा आहे, वहीत सगळं टिपून घेतो. म्हणाला, ‘काका, हे कुठल्या शिबिरात शिकलात?’

मी म्हटलं, ‘घरगुती शिबिर होतं.’

सगळे हसले. मीही हसलो. उंट आता बिनचूक झालाय. माझा डावा कान लहानपणीच्या सर्दीने गेलेला आहे हे त्याला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून तो आठवणीने उजवीकडून बोलतो. गुणी पोरगा आहे.

भांडण मात्र शेवटच्या वाक्यावरून झालं. मी लेखकाला विचारलं, ‘हा मुलगा सगळं विसरला म्हणतो, ते कधी विसरला? पहिल्या अंकात त्याला आठवतंय, दुसऱ्यात मार खातोय, तिसऱ्यात बाप आजारी पडतो आणि हा लगेच विसरतो. बापाने तर तोंडातून चकार शब्द काढलेला नाही.’ लेखक चष्मा पुसत बसला. दिग्दर्शक म्हणाला, ‘काका, लोकांनी घरी जाताना हलकं होऊन जायला हवं.’ मी म्हटलं, मग लोकांना तिकिटाबरोबर जुलाबाची गोळी द्या. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘दादा, ते आता म्हातारे झाले, रोज तुझी आठवण काढतात, झालं गेलं सोडून दे, एकदा माफ केलं म्हण. मला तरी ते कधी तसे दिसले नाहीत.’ नसतील दिसले. या विषयावर पुन्हा कधीतरी.

बाबांसाठी दिवसाची बाई मिळते का बघ. पुरुष मिळाला तर उत्तम. मास्तरीणबाईंना आशीर्वाद. बाबांना सांग, पत्र आलं होतं.

तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद, आणि दोन शिव्याही. आगाऊ आहेस तू. न सांगता नाटकाला येतोस, तेही एकट्याने नाही, बाबांना घेऊन! त्यांना आठ तासांचा प्रवास करवतोस, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवतोस, आणि वर मला म्हणतोस, ‘दादा, तुला आनंद होईल असं वाटलं.’ तुझा हेतू चांगला होता हे मला समजतं. तुझे सगळेच हेतू चांगले असतात, म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही.

परवा गर्दीत बोलणं झालं नाही म्हणून आता सांगतो, काय झालं ते.

पहिल्या अंकात मला काही कळलं नाही. दिवे तोंडावर असले की समोर नुसता काळोख दिसतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी उंट मला उलटून बोलतो, मी दोन पावलं पुढे येतो, तिथे बाजूचा दिवा मागे पडतो आणि पहिल्या तीन-चार रांगा दिसायला लागतात. मी पुढे आलो, खांदा उचलला, आणि मला बाबा दिसले. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बसायचे तसे.

हात उठला नाही. खांदा उठला, आणि हात तिथेच राहिला.

उंट बिचारा शिकवल्याप्रमाणे खांदा बघत होता. त्याने टाळी वाजवली, मान फिरवली, धाडकन पडला. म्हणजे आवाज झाला, पोरगा कोसळला, आणि बाप आपला दोन्ही हात बाजूला सोडून उभा. सगळं थिएटर हसलं. तूही हसलास, मी ऐकलं, तुझं हसणं मला हजारात ओळखू येतं. आईचं काम करणाऱ्या बाईंनी प्रसंगावधान राखून हातातली परात खाली टाकली, म्हणजे आवाज परातीचा होता असं कोणाला वाटलं तर वाटावं. कोणाला वाटलं नाही. माझ्या सगळ्या नाटकांत मी कधी असा फजित झालो नव्हतो.

तिसरा अंक कसाबसा निभावला. उंटाने मांडीवर डोकं ठेवलं, ‘बाबा, मी सगळं विसरलो’ म्हणाला, पडदा पडला, टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, सुटलो.

मग तू त्यांना धरून मेकअपरूममध्ये आणलंस आणि टॅक्सी बघायला गेलास. तू नसताना काय झालं ते तुला माहीत नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते सरळ उंटाकडे गेले. उंट आरशासमोर बसून तोंडाचा रंग पुसत होता. त्यांनी त्याची हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे वळवलं, आणि काचेवर ओरखडा आहे का हे जसं तिरकं धरून बघायचे, तसा त्याचा गाल बघितला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. आणि म्हणाले,

‘बाळा, लागलं का रे?’

धाकट्या, हे दोन शब्द मला नवीन होते. ‘बाळा’ही नवीन आणि ‘लागलं का’ही. मी खुंटीवरचा कोट काढत होतो, तो हातात तसाच राहिला.

उंट हसला. म्हणाला, ‘आजोबा, हात लागलाच नाही. हात कधीच लागत नाही.’

‘आवाज आला.’

‘आवाज मी काढतो. हे असं.’ आणि त्याने टाळी वाजवून दाखवली.

बाबा बराच वेळ त्याच्या तळव्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला एक विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि तेवढ्यात तू टॅक्सी घेऊन आलास.

एवढंच. तीन महिन्यांचं तू जाता जाता पुन्हा काढलंस, मी पुन्हा ‘बघू’ म्हटलं. अजून बघतोच आहे. ऑपरेशनची तारीख जवळ आली हे लक्षात आहे. मास्तरीणबाईंना म्हणावं, पाठीवर झोपायची सवय आतापासून करा.

परातीला मोठा पोचा आला आहे. बाई म्हणतात, राहू दे, खरी वाटते.

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. चार वेळा वाचलं. तू इतका खूष झालेला मला तुझ्या लग्नातही दिसला नव्हतास, म्हणून हे पत्र लिहिताना हात जड झालाय. जरा सावकाश वाच.

तू लिहितोस, बाबा बदलले. दोन वेळा नीट जेवतात, झोप लागते, दुकानात येऊन खुर्ची टाकून बसतात. आणि जो भेटेल त्याला सांगतात, ‘आमचा थोरला जन्मजात नट. लहानपणी मी हात उगारला की बोंब ठोकायचा. लागायचंच नाही त्याला! परवा स्वतःच कबूल केलं.’ गिऱ्हाईकांना सांगतात, दूधवाल्याला सांगतात, मास्तरीणबाईंना तर तीनदा सांगून झालं. आणि तू लिहितोस, ‘दादा, तू किती मोठ्या मनाने माफ केलंस.’

आता मेकअपरूममध्ये त्यांनी मला काय विचारलं, ते सांगतो. उंटाच्या तळव्यांवरून नजर काढून ते म्हणाले, ‘तूही तसंच करायचास, नाही का रे? आवाजच काढायचास ना?’

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तू बघायला हवं होतंस. आशा होती, धाकट्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी ती काडी त्यांना त्या पोराच्या टाळीत सापडली होती. तोंड थोडं उघडं होतं. आणि मी म्हणालो, ‘हो बाबा. आवाजच काढायचो.’

का म्हणालो? तू म्हणतोस तशा मोठ्या मनाने नाही. मी दमलो होतो, सगळ्यांसमोर फजिती झाली होती, कोट घालून घरी जायचं होतं. आणि त्याहून जुनी सवय म्हणून म्हणालो. मी खरंच आधी ओरडायचो. खांदा उठला की ओरडायचो, हात यायच्या आधी. त्यांना आवाज ऐकायचा असायचा. आवाज लवकर मिळाला की हात लवकर थांबायचा. गप्प राहिलो तर जास्त बसायचं, हे मी अगदी लहान होतो तेव्हाच शिकलो. त्यांना जे ऐकायचं असेल ते चटकन देऊन टाकायचं आणि सुटायचं. परवाही तेच केलं. त्यांना जे ऐकायचं होतं ते दिलं. माफीबिफी काही नाही ती.

आणि तुझं पत्र वाचल्यापासून मला राग येतोय. इतका राग मला गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. मला वाटत होतं संपला असेल, म्हाताऱ्या माणसाचा राग काय टिकतो. टिकतो. ते दूधवाल्यासमोर हसून सांगतात, ‘लागायचंच नाही त्याला’, आणि इथे मी तालमीत वाक्यं विसरतो.

तू म्हणतोस, तुला ते कधी तसे दिसले नाहीत. कसे दिसतील? आठव, आई तुला संध्याकाळी खाली पाठवायची. ‘जा रे, दुकानाचं कुलूप नीट लागलंय का बघून ये.’ तुला त्याचा केवढा अभिमान! तू लोकांना सांगायचास, आमच्या दुकानाच्या कुलपाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तू जिना उतरायचास आणि आई खिडक्या लावून घ्यायची. कुलूप बाबा स्वतः दोनदा ओढून बघायचे, धाकट्या, ते कधी उघडं राहिलेलं नव्हतं. तू परत यायचास तोवर सगळं आवरलेलं असायचं. मी तोंड धुवत असायचो. तू विचारायचास, दादा, तुझे डोळे लाल का? मी म्हणायचो, साबण गेला.

आईवर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा आहे. एकाला वाचवता येणार होतं, तिने एकाला वाचवलं. बाहेर कोणाला सांगायची सोय नव्हती. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणायची. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तिलाही, फक्त तिच्या अंगावर वळ दिसायचे नाहीत.

कशासाठी मारायचे, म्हणशील तर काच फुटली म्हणून, काच फुटली नाही पण फुटली असती म्हणून, गिऱ्हाईकाने भाव पाडला म्हणून. चौकटीच्या लाकडी पट्ट्या असतात ना, सोनेरी रंग द्यायच्या आधीच्या, कच्च्या? त्या हाताशीच असायच्या. आणि तोच माणूस कोणाच्या मेलेल्या आजीचा फोटो दोन बोटांनी असा उचलायचा की कागदाला घाम लागू नये. हेच मला आयुष्यभर कळलं नाही. हात हलका ठेवणं त्यांना येत होतं.

आणि माझा कान सर्दीने गेलेला नाही. सर्दीने कान जायला मला त्या वर्षी सर्दी झालेली नव्हती. मोठा आरसा मढवायला आला होता, तो मी धरला होता, आणि आरशाच्या कोपऱ्याचा कपचा उडाला. त्या वेळी मी ओरडलो नाही, कारण दोन्ही हातांत आरसा होता आणि खांद्याकडे बघायला सवड नव्हती. उघड्या हाताची एकच, कानावर. आरसा मी सोडला नाही. नंतर आठवडाभर उशीला डाग पडायचे. आईने डॉक्टरांना सर्दी सांगितली, डॉक्टरांनी कागदावर सर्दी लिहिली, आणि मग आपण सगळेच सर्दी म्हणायला लागलो. तूही म्हणतोस. मी तुझ्याशी बोलताना नेहमी मान वळवतो, तुला वाटतं दादाचा नाटकी ढंग आहे.

हे सगळं तुला दुखवायला लिहीत नाही. तुला पाठवलं कुलूप बघायला, त्यात तुझा काय दोष? तू सुटलास याचा मला तेव्हाही आनंद व्हायचा. पण ‘माफ कर’ म्हणून तू मला वर्षानुवर्षं लिहीत आलास ना, तर आता मला एक सांग. लागलंच नसेल तर मी माफ काय करू? ते तर आता म्हणतात की काही झालंच नव्हतं. मग उरलं काय? मी एक नाटकी पोरगा आणि ते एक बिचारे भोळे बाप. म्हणजे मार मी खाल्ला, कान माझा गेला, आणि शेवटी खोटारडाही मीच.

आमच्या नाटकात एक बदल झालाय. उंटाला मी म्हटलं, ते विसरल्याचं वाक्य तू म्हणू नकोस. डोकं मांडीवर ठेव हवं तर, पण गप्प राहा. त्याने दिग्दर्शकाला विचारलं, दिग्दर्शकाने लेखकाला, लेखकाने पुन्हा चष्मा पुसला. शेवटी एका प्रयोगापुरतं करून बघू असं ठरलं. उंट गप्प राहिला. मला काय करावं कळेना, कारण आता पुढचं बापाला करायचं होतं आणि बापाला वाक्यच लिहिलेलं नव्हतं. पडदा ओढणारा वाट बघत बसला. मी नुसता बसून राहिलो, पोराचं डोकं मांडीवर घेऊन, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या बापाला तिथे किती अवघड जात असेल. लोक रडले की नाही मला माहीत नाही. टाळ्या उशिरा आल्या. लेखक म्हणाला, बरं आहे, असंच ठेवा.

आता कामाचं.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी. मी बाबांना ठेवून घ्यायला तयार आहे. तीन महिने, चार महिने, पाठ बरी होईपर्यंत. जिना लाँड्रीवाला आणि उंट खुर्चीत बसवून चढवतील, त्यांच्याशी बोललोय. एक खाट मागवली आहे. दौऱ्याचे प्रयोग दुसऱ्या नटाला देऊन टाकले, इथले तेवढे करीन. आंघोळ मी घालीन. बूट मी चढवीन. जेवण वेळेवर देईन, आणि आवाज चढवणार नाही. या सगळ्याचा आणि माफीचा काही संबंध नाही. तुझी बायको वाकू शकत नाही आणि मी वाकू शकतो, गुडघे कुरकुरले तरी. एवढंच त्यामागे आहे.

पण माझ्या घरात ते ‘लागायचंच नाही त्याला’ हे वाक्य घेऊन येणार नाहीत. ते मी ऐकून घेणार नाही. एका खोलीत, दोन खाटांच्या मध्ये, ते वाक्य रोज माझ्यासमोर बसलेलं मला चालणार नाही. मी त्यांच्याशी खोटं बोललो, ते मलाच परत घ्यायला हवं.

म्हणून तू एक कर. हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं. कुलपाचंही, कानाचंही. दुकानात नको, घरी, मास्तरीणबाईंसमोर. तुला जड जाईल, मला माहीत आहे. मधे थांबू नकोस, आणि काही गाळू नकोस. त्यांनी माफी मागावी असं मी म्हणत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि या वयात मी त्यांचा पीळ काढायला बसलेलो नाही. फक्त त्यांनी ऐकावं. रागावून काठी आपटली तर आपटू दे. ‘खोटं आहे’ म्हणाले, तर मला तसं कळव. मग मी तुझ्याकडे येऊन राहीन, तिथे त्यांचं सगळं करीन, पण माझ्या खोलीत त्यांना आणणार नाही. आणि काहीच बोलले नाहीत, तर शनिवारच्या गाडीने घेऊन ये.

मास्तरीणबाईंना खूप आशीर्वाद. तुलाही. तू रडणार हे ठाऊक आहे, पण वाचून झाल्यावर रड.

आता खालचं त्यांच्यासाठी आहे. ते जरा मोठ्याने वाच.

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार घालायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून उभ्यानेच. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. मला लागायचं, बाबा. दर वेळी लागायचं.

तरी या.

तुमचा,
थोरला